शहाण्याने गॅलरीची पायरी चढावी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलं आहे. ते ठीकच आहे. पण मध्यमवर्गीय मराठी माणूस इतका शहाणा, की त्याने ही म्हण कोर्टापुरती ठेवली नाही. पंचतारांकित हॉटेल, हिऱ्यांची पेढी, इंग्रजी पुस्तकांचं मोठं दुकान आणि चित्रांची गॅलरी, या सगळ्यांना त्याने ती परस्पर लागू करून टाकली. कोर्टाची पायरी न चढण्याला निदान कारण आहे. तिथे वकील असतो. गॅलरीत कोण असतं? एक चित्रकार, आणि तोही बिचारा कोणीतरी आत यावं म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेला. तरी आपण बाहेरूनच मान वाकडी करून बघतो, "मॉडर्न दिसतंय" असा निकाल देतो आणि वडापावच्या दिशेने चालू लागतो.

मी बँकेत क्लार्क आहे. शिक्षण बी.कॉम. आमच्या कॉलेजात आर्ट्स म्हणजे समोरची विंग आणि तिथे मुली जास्त, एवढाच माझा कलेशी संबंध. तेव्हा कलेविषयी मी काही सांगणार नाही, घाबरू नका. मी सांगणार आहे ते हिशेबाविषयी. गेली तीन-चार वर्षं आम्ही सहकुटुंब, म्हणजे आई, सौ., दहावीतली कन्या, सहावीतले चिरंजीव आणि पिशव्या धरायला मी, महिन्यातून एखादा मेगाब्लॉक नसलेला रविवार गाठून डोंबिवलीहून मुंबईला जातो आणि गॅलऱ्या, म्युझियमं, जुन्या गल्ल्या पाहत हिंडतो. बाकीचे भिंतीवरची चित्रं बघतात. मी भिंतीवर कोनशिला बसवलेली असते, ती वाचतो. पैसे कोणी दिले, किती दिले आणि कुणाच्या नावे दिले, हे एकदा कळलं की मला बरं वाटतं. सवय आहे.

आता मुळात रविवारच कुठून आला, ते बघा. आपल्याला वाटतं, रविवारची सुट्टी सूर्यचंद्राइतकी जुनी. तशी ती नाही. साहेब चर्चला जायचा म्हणून कचेऱ्या बंद राहायच्या आणि साहेबाच्या पुण्याईवर कारकुनाला झोप मिळायची. गिरणीतल्या माणसाला मात्र साहेबाचा देव पावत नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे या गृहस्थांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्यांचं निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. (साडेपाच हजार सह्या! आमच्याकडे एका चेकवरची सही जुळत नाही म्हणून माणूस तीनदा हेलपाटे घालतो.) त्यानंतर सहा वर्षं गेली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्याकडे रविवार खंडोबाचा. म्हणजे साहेबाचा देव आणि जेजुरीचा देव यांचं निदान एका बाबतीत एकमत होतं, पण ते कागदावर यायला एक लोखंडे जन्माला यावे लागले.

आम्हा बँकवाल्यांचं त्याहून उशिरा फळफळलं. दुसरा आणि चौथा शनिवार बंद, हे १ सप्टेंबर २०१५ पासून. तेव्हा कुठे आमच्या घरात 'वीकएन्ड' हा शब्द शिरला. आणि शब्द शिरला की त्याच्यामागोमाग खर्च शिरतो. मुलं म्हणाली, मॉलमध्ये जाऊ. गेलो. पाच माणसांचे पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक यांचं बिल बघून सौ. म्हणाल्या, "अहो, एवढ्या पैशात आपण घरी आठवडाभर साजूक तुपातला शिरा केला असता." पुढच्या वेळी मी पर्याय ठेवला, जहांगीर आर्ट गॅलरी. प्रवेश फुकट. फुकट या शब्दाला मराठी मनात जे स्थान आहे, ते फार थोड्या दैवतांना आहे. ठराव एकमताने संमत झाला.

पहिली गंमत गॅलरीत पोहोचायच्या आधीच झाली. सीएसएमटीला उतरून बाहेर आलो आणि कन्येने मागे वळून वर बघितलं. सकाळी आठ-बाराने येणारा माणूस स्टेशनात वर बघत नाही. तो इंडिकेटर बघतो, घड्याळ बघतो आणि पुढच्याची टाच बघतो. रविवारी सवड होती. वर बघतो तर दगडात पानं, फुलं, पशू, पक्षी आणि एक पिसारा फुलवलेला मोर! स्टीव्हन्स नावाच्या इंजिनियराने हे स्टेशन बांधायला घेतलं १८७८ साली, पुरं झालं १८८८ साली. त्यावरचं नक्षीकाम मात्र जवळच असलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. ती शाळा १८५७ ची आणि तिच्यामागे जमशेटजी जीजीभॉय यांनी देऊ केलेले एक लाख रुपये. म्हणजे एका बाजूला शाळा आणि हाकेच्या अंतरावर तिचा निकाल. आई म्हणाली, "इतकी वर्षं इथे मोर होता?" होता ना. प्लॅटफॉर्म तिकिटात मोर फुकट.

तिथून फोर्टातून चालत निघालो. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, फोर्ट म्हणजे किल्ला. मग किल्ला कुठंय?" प्रश्न बरोबर आहे. पुण्यात निदान शनिवारवाड्याच्या भिंती दाखवता येतात. मुंबईचा किल्ला मात्र पाडला, तो शत्रूने नव्हे, खुद्द सरकारने. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तटबंदी उतरवायला घेतली. शहर आत मावत नव्हतं. मराठ्यांच्या आणि फ्रेंचांच्या भीतीने बांधलेली ती भिंत; आता भीती उरली नव्हती आणि जागा हवी होती. भिंत गेली, नाव राहिलं. काळ्या घोड्याजवळच्या रस्त्याला रॅम्पार्ट रो म्हणतात, ते त्या तटावरूनच. आपण आज जिथे फुटपाथवर बसून गंडेरी खातो, त्याच्या आसपास पूर्वी तोफा होत्या.

भिंत पडली त्याच सुमाराला मुंबईत पैसा आला. कसा आला, ते माझ्या धंद्यातलं म्हणून सांगतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस विलायतेला जाईना, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी. सगळे आपल्या कापसाच्या मागे लागले आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. पाऊस पडला की छत्र्या उगवतात, तशा कंपन्या उगवल्या, बँका उगवल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या योजना उगवल्या. जो तो शेअर घेत होता. या सगळ्याचे राजे होते प्रेमचंद रायचंद. युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी त्यांनी दोन-दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला नाव आईचं, राजाबाई.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस. त्या दिवशी कळलं की सगळ्यांनी सगळ्यांना पैसे द्यायचे आहेत आणि कुणाकडेच नाहीत. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. खुद्द प्रेमचंद बुडाले. बँक ऑफ बॉम्बेने लोकांना शेअर तारण ठेवून कर्जं वाटली होती. १८६८ साली ती गुंडाळावी लागली, चौकशीला कमिशन बसलं आणि त्याच नावाची नवी बँक काढली गेली. म्हणजे बुडीत कर्ज, चौकशी आणि जुन्या दारावर नवी पाटी, या तिन्ही गोष्टी आमच्या पिढीने शोधल्या असा कुणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा. पण मनोरा चढतच राहिला. १८७८ साली पुरा झाला. २८० फूट. आजही ओव्हल मैदानावर उभं राहिलं की दिसतो. पैसे बुडाले, घड्याळ राहिलं. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढी टिकाऊ मुदत ठेव मी पाहिलेली नाही.

एकदा हा नाद लागल्यावर मी काळ्या घोड्याच्या आसपासच्या सगळ्या इमारतींचे खातेदार बघत सुटलो. आणि काय दिसावं? मनोरा आईच्या नावे, हे सांगितलंच. जरा पुढे फोर्टाच्या गल्लीत निळ्या रंगाचं यहुदी प्रार्थनामंदिर आहे, केनेसेथ एलियाहू, १८८४ सालचं. ते जेकब ससून यांनी बांधलं वडिलांच्या, एलियास यांच्या स्मरणार्थ. आणि जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ साली उघडली, ती सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या मुलाच्या स्मरणार्थ. आई, बाप आणि मुलगा. सगळा मोहल्लाच कौटुंबिक! मग पोळीभाजीचा डबा घेऊन एक कुटुंब इथे रविवारी आलं, तर त्यात परकं ते काय? खातेदार गेले. दगडात रक्कम तशीच आहे. नॉमिनीच्या रकान्यात कोणाचंच नाव नाही. बँकेच्या अनुभवावरून सांगतो, अशा खात्यावर ज्याला कोणाला हक्क सांगायचा असेल, त्याने जातीने काउंटरवर यावं लागतं. घरी बसून "आपलं नाहीच ते" म्हणणाऱ्याला कोणी पैसे आणून देत नाही.

या जागेचं नाव मात्र कोणत्याही देणगीदाराचं नाही. १८७५-७६ साली इंग्लंडचे युवराज मुंबईला येऊन गेले. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्यांचा घोड्यावर बसलेला पुतळा करवून दिला. बोहम या शिल्पकाराने तो घडवला, १८७९ साली तो इथे उभा राहिला. पुढे हेच युवराज सातवे एडवर्ड म्हणून गादीवर बसले. एवढा मोठा राजा, ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता. पण मुंबईकराने पुतळ्याकडे बघून नाव कोणाचं लक्षात ठेवलं? घोड्याचं! १९६५ साली पुतळा तिथून हलवला. राजा गेला, घोडाही गेला, तरी पत्ता काळा घोडाच. बावन्न वर्षं लोक नसलेल्या घोड्यापाशी एकमेकांना भेटत होते. अखेर २०१७ साली नवा काळा घोडा उभा केला, पाठीवर स्वार नसलेला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, याचा मालक कुठे गेला?" मी म्हटलं, पुढच्या खेपेला दाखवतो.

त्या चौकात पायऱ्यांचाही इतिहास आहे, आणि तो मला पैशांच्या इतिहासापेक्षा मोठा वाटतो. डेव्हिड ससून लायब्ररीची इमारत १८७० सालची, पण मूळ कल्पना १८४७ सालची आणि ती कोणा शेठजीची नव्हे. टाकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या कारागिरांना वाटलं, की आपल्याला यंत्रांविषयी वाचायला, ऐकायला एक जागा हवी. हातांना तेल लागलेल्या माणसांनी काढलेली लायब्ररी! पलीकडे वॉटसन हॉटेल. तिथे ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली. तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया म्हणजे आजचे आमचे पॉपकॉर्नच. ती नवलाई आली तेव्हा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सगळे सावेदादा म्हणत, ते नुसते बघून घरी गेले नाहीत. विलायतेहून त्यांनी स्वतःचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईतल्या एका कुस्तीचं चित्रण केलं. शहाण्याने पायरी चढली की असं काहीतरी होतं.

आता माझ्या आईचं सांगतो. त्या पहिल्या रविवारी आम्ही जहांगीरच्या दारात पोहोचलो आणि आई खालीच थांबली. म्हणाली, "तुम्ही या बघून. मी बसते इथे." मला वाटलं गुडघे. म्हटलं, "फार पायऱ्या नाहीत गं." तर म्हणाली, "पायऱ्यांचं नाही रे. माझ्या चपला बघ कशा आहेत."

लग्नाआधी आई गिरगावात राहायची आणि फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट होती. चार वर्षं ती रोज या गॅलरीवरून गेली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी बँकवाला, मनातल्या मनात गुणाकार केलाच. सुट्ट्या वजा जाता दोन हजारांच्या वर वेळा. त्यातल्या एकाही वेळी तिला कुणी अडवलं नव्हतं, कारण ती कधी पायरीपर्यंत गेलीच नव्हती. अडवायला दारात दरवानच लागतो असं नाही. काही दरवान आपण पगार न देता डोक्यात ठेवतो.

आई बाहेरच बसली. फुटपाथवर चित्रकार असतात, त्यांच्यातल्या एकाकडून तिने नातवाचं पेन्सिलचित्र काढून घेतलं. ते थोडंसं नातवासारखं आणि बरंचसं माझ्या धाकट्या मामासारखं आलं. आई खूश. आम्ही आत जाऊन आलो. येताना सौ. गप्प होत्या. ट्रेनमध्ये म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांना आवडेल अशा ठिकाणी जाऊ."

म्हणून पुढची खेप भायखळ्याची, राणीच्या बागेची. चिरंजीवांना पेंग्विन, मला राजा. काळ्या घोड्यावरून हलवलेला एडवर्ड आपल्या मूळच्या काळ्या घोड्यासह तिथे झाडीत उभा आहे. मी चिरंजीवांना म्हटलं, "हा बघ मालक." त्यांनी राजाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "पेंग्विन कुठल्या बाजूला?" साम्राज्यं अशी संपतात. शेजारी घारापुरीचा दगडी हत्ती. १८६४ साली साहेबाने त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे जोडून हत्ती इथे उभा केला. ज्याला जायचंच नाही त्याला क्रेनने नेता येत नाही. हे मी आईकडे बघून म्हणणार होतो, पण सौं.नी डोळे वटारले.

तिथलं म्युझियम १८७२ साली उघडलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं. पण वर्गणीसाठी दारोदार खपले त्यांत नाना शंकरशेट होते आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी मूळचे गोव्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, नाणी आणि शिलालेख वाचणारे. १८६५ च्या त्या पडझडीत त्यांनाही जबर फटका बसला. १९७५ साली म्युझियमला त्यांचं नाव दिलं. राणी गेली आणि डॉक्टर आले, तेही शंभर वर्षांनी. सरकारी काम.

आत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. जुन्या मुंबईतल्या नाना जातीजमातींची, नाना धंद्यांची माणसं, हातभर उंचीचीही नाहीत. आई काचेला नाक लावून बघत राहिली. पागोट्याचा एकेक पीळ, लुगड्याची एकेक निरी. मोठमोठी राजवाड्यासारखी छतं, सोनेरी वेलबुट्टी, पण आईचं लक्ष त्या बाहुल्यांवरून हलेना. अर्ध्या तासाने म्हणाली, "अरे, ही आपलीच माणसं की. आपल्यासारख्यांना काचेत ठेवतात होय?" मी म्हटलं, ठेवतात. ती जरा विचारात पडली. बाहेर येऊन शेंगदाणे खाताना म्हणाली, "त्या तुमच्या गॅलरीत तिकीट नाही म्हणालास ना?"

"नाही."

"मग लोक आत का जात नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते त्यानंतरच्या महिन्यात मिळालं. आई जहांगीरची पायरी चढली. नव्या चपला घातल्या होत्या, त्याविषयी आम्ही कोणी बोललो नाही. आत एका दालनात सांगली जिल्ह्यातला एक तरुण चित्रकार बसला होता. गावाकडे शाळेत ड्रॉइंग टीचर. जहांगीरमध्ये तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. हा थांबला, पैसे साठवले, चित्रं टेम्पोने आणली. आठवड्याचं प्रदर्शन, त्या दिवशी शेवटून दुसरा दिवस. एक चित्र विकलं गेलं होतं आणि तेही मावसभावाने घेतलं होतं. मी सहानुभूतीने विचारलं, "मग खर्च?" तो हसला. म्हणाला, "काका, न विकल्याचं फार नाही. पण माणसं दारापर्यंत येतात, आत बघतात आणि मला विचारतात, 'आत आलं तर चालेल का?' मी हो म्हणेपर्यंत गेलेली असतात."

म्हणजे बघा. पायरीच्या खाली एक टायपिस्ट चार वर्षं, आणि पायरीच्या वर एक ड्रॉइंग मास्तर सात दिवस. दोघं एकमेकांची वाट बघताहेत आणि मध्ये कोणीही नाही.

आई चित्रांपुढून सावकाश फिरली. चित्रं मॉडर्न होती. निळ्यात करडा, करड्यात पुन्हा निळा. एकापुढे ती बराच वेळ थांबली. तो जवळ आला. आई म्हणाली, "हे बरं वाटतंय. का ते नाही सांगता येत." तो म्हणाला, "आजी, मलाही नाही सांगता येत." मग आईने त्याला पहिला महत्त्वाचा प्रश्न विचारला, "जेवलास का?" आणि आमचा डबा त्याच्या टेबलावर गेला. पूर्वी याच इमारतीत समोवार नावाचं छोटं हॉटेल होतं, १९६४ पासूनचं, चित्रकारांचा अड्डा. ते २०१५ साली बंद झालं. त्या दिवशी त्याची शाखा आमच्या पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीवर दहा मिनिटं पुन्हा चालली.

जेवताना तो सांगत होता. १९४७ साली मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाक्रे. त्यातले हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलेले. आरा लहानपणी घरकामाला आणि मोटारी धुवायला होते. गाडे विदर्भातले, शिक्षकी केलेले. १९४९ साली त्यांचं प्रदर्शन भरलं ते याच रॅम्पार्ट रोवर. मोटारी धुणारा माणूस त्याच शहरात चित्रकार म्हणून भिंतीवर! "आणि गायतोंडे तर तुमच्या गिरगावात चाळीत राहायचे, आजी. वासुदेव गायतोंडे. अशीच, काही न सांगणारी चित्रं. २०१३ साली इथे मुंबईत लिलाव झाला, त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं."

एवढी रक्कम ऐकून माझ्या हातातला घास खाली आला. आमच्या शाखेच्या निम्म्या ठेवी! आई मात्र शांत. ती म्हणाली, "गिरगावात? कुठल्या वाडीत?"

त्याला वाडी माहीत नव्हती. आईला ते पटलं नाही. तेवीस कोटी लक्षात राहतात आणि वाडी राहत नाही म्हणजे काय? मी तिला सांगितलं की हे गायतोंडे २००१ साली गेले, हे कोटी त्यांनी पाहिले नाहीत. तेव्हा ती एकदम म्हणाली, "म्हणजे मी या रस्त्याने जात होते तेव्हा यांची चित्रं कधीतरी इथे लागली असतील. आणि आत पंखा होता." मग कोणीच काही बोललं नाही. निघताना तिने अभिप्रायाची वही मागून घेतली आणि टायपिस्टच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'चित्रे नीटनेटकी आहेत. मुलाने वेळेवर जेवावे.' खाली पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख. अशी बिनचूक नोंद मी रोखपुस्तकातही क्वचित बघतो.

हे झालं दीड वर्षापूर्वी. आता परिस्थिती अशी, की आईला रविवारी घरी ठेवणं कठीण. "मागच्या वेळचा बरा होता, याचे रंग सांडलेले वाटतात," असं ती दालनात उभी राहून म्हणते आणि कन्या तिला हळू बोलायला सांगते. कावसजी जहांगीर हॉलमध्ये, जिथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथल्या गोल जिन्याची तिने जाहीर तारीफ केली, चित्रांची नाही. समोरचं मोठं म्युझियम तिला आवडलं, कारण १९२२ साली लोकांसाठी उघडण्याआधी, पहिल्या महायुद्धात, तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. "म्हणजे कामाची इमारत आहे," ती म्हणाली.

परवाच्या रविवारी आम्ही जहांगीरमधून बाहेर पडत होतो. पायरीशी एक कुटुंब घोटाळत उभं होतं. नवरा, बायको, दोन मुली, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर तो प्रश्न. नवरा बायकोला म्हणत होता, "चल, आपल्याला काय कळतंय त्यातलं." आई दोन पायऱ्या खाली उतरली आणि शाखाधिकाऱ्याच्या थाटात म्हणाली, "या ना. तिकीट नाही. कळायचं बंधन नाही. आणि आत चांगलं गार आहे."

चौघंही मुकाट आत गेले. धाकट्या मुलीने तेवढं चपला काढू का, म्हणून विचारलं.

"राहू दे गं," आई म्हणाली, "मीसुद्धा जुन्याच घालून आलेय."